घरासमोरची जागा

जिल्हा होणं ही गावाच्या आयुष्यातली पवित्र घटना असते. मुंज लागली की मुलाला दुसरा जन्म मिळतो म्हणतात, तसा गावालाही मिळतो. लातूरची अशी मुंज लागली तेव्हा मिरवणूक निघाली, फटाके वाजले, पुढाऱ्यांनी भाषणांतून गावाला सातवाहनांपर्यंत नेऊन परत आणलं. मग मंडप उतरला आणि लक्षात आलं, की बटूच्या झोळीत भिक्षा म्हणून मुख्यतः जीपगाड्या पडल्या आहेत.

त्या जिल्ह्याबरोबर मीही आलो. जिल्हा झाला की त्याला कलेक्टर लागतो, पोलीस कप्तान लागतो आणि यादीत बरंच खाली ग्रंथालयही लागतं. खुर्च्या, टाइपरायटर, लोखंडी कपाटं अशी इकडची तिकडं हलवाहलव चालली होती, तीत मला नांदेडहून हलवण्यात आलं. माझं ग्रंथालय दोन खोल्यांचं होतं. एका खोलीत पुस्तकं पेट्यांत बंद होती आणि दुसऱ्या खोलीत मी, पेट्या उघडण्याच्या मंजुरीची वाट बघत.

बायको नांदेडलाच राहिली. ती तिथं शाळेत शिकवायची. तिनं लातूरला बदली मागितली होती आणि ती मिळेल असं सगळे म्हणत होते. पण सरकारी बदली आणि पाऊस यांच्याबद्दल सगळे जे म्हणतात त्याचं काय होतं ते मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोवर मी नव्या कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत एक घर भाड्यानं घेतलं. पुढं ओटा, आत दोन खोल्या, मागं न्हाणी. दोघांना पुरेल असं घर होतं. एकट्याला ते पुरून उरायचं, आणि उरलेलं घर संध्याकाळी फार मोठं वाटायचं. मी एका खोलीत दिवा लावायचो आणि दुसरीचं दार ओढून घ्यायचो.

गल्ली अरुंद होती. पूर्वी तिच्यातून बैलगाडी जायची आणि समोरून दुसरी आली तर दोन्ही गाडीवान खाली उतरून एकमेकांच्या सोयऱ्यांची चौकशी करत वाट काढायचे. आता कचेरीत काम असलेला प्रत्येक माणूस आपली गाडी आमच्या दारात लावून जायचा. मुरुडहून आलेल्या जीपा, औशाच्या वकिलांच्या स्कूटरी, कंत्राटदारांच्या राजदूत मोटारसायकली. सकाळी घराबाहेर पडताना मला कुणाच्या तरी हँडलखालून वाकून जावं लागायचं. नव्या जिल्ह्याला मी रोज असा नमस्कार करत होतो.

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. पहिलं वर्ष लोकांनी नेहमीसारखं काढलं. दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले आणि नळाला पाण्याऐवजी हवा यायला लागली. पालिकेचा टँकर सुरू झाला. पण टँकर गल्लीत शिरू शकत नव्हता. दोन्ही बाजूंना गाड्या. तो पलीकडं मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबायचा आणि सगळी गल्ली तिकडं घागरी घेऊन जायची.

त्या घागरींचा एक कायदा होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, त्यामुळं सगळे पाळायचे. पहाटे घागर ओळीत ठेवली की ती तिथं तुमच्या जागी उभी आहे असं समजायचं. तुम्ही घरी जाऊन भाकरी खा, आंघोळीचं सोंग करा, कामाला लागा. टँकर आला की घागर जिथं असेल तिथं तुमचा नंबर. दुसऱ्याच्या घागरीला हात लावून ती मागंपुढं सरकवणं हे पाप होतं. चोरी एकवेळ चालली असती. चोराला काही अडचण असेल असं लोक म्हणाले असते. घागर सरकवणाऱ्याला मात्र सबब नव्हती.

माझी अडचण अशी, की टँकर मी कामावर असताना यायचा आणि घागर कितीही प्रामाणिकपणे उभी राहिली तरी ती स्वतः भरून घरी येत नाही. शेजारच्या चाची ती भरून माझ्या ओट्यावर ठेवायच्या. त्यांचे यजमान निजामाच्या काळात कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडायचे. राज्य गेलं, कोर्ट बदललं, पण गल्ली त्यांना पेशकारसाहेबच म्हणायची. चाची मला म्हणायच्या, "बेटा, एक घागर में क्या करता तू? पीता कब, नहाता कब?" मी म्हणायचो, एकट्याला पुरतं. त्या मान हलवायच्या. त्यांचा आक्षेप पाण्याला नव्हता.

मार्चमध्ये बायकोच्या बदलीचा आदेश निघाला. पंधरा जूनला शाळा उघडायच्या आत लातूरला हजर व्हायचं, नाहीतर आदेश रद्द. मी पोस्टात जाऊन नांदेडला ट्रंककॉल लावला. फोन तिच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता, त्यामुळं आमचं संसाराचं बोलणं नेहमी शासकीय भाषेत व्हायचं.

"आदेश मिळाला," ती म्हणाली.

"मग येतेस ना?"

"पाण्याचं काय?"

"टँकर येतो."

"दारात येतो का?"

मी जरा थांबलो. ती माझ्या थांबण्याचा अर्थ लावण्यात तरबेज होती.

"हे बघा," ती म्हणाली, "मला माणसांची अडचण नाही, घराची नाही, तुमच्या पुस्तकांची नाही. भोकरला लहानपणी मी विहिरीवरून जेवढं पाणी वाहायचं तेवढं वाहून टाकलंय. माझ्या वाट्याचं संपलं. पाणी दारात येऊ द्या, मी दुसऱ्या दिवशी येते. मेच्या सुट्टीत बघायला येईन."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. तिच्या एका खांद्याला त्या वाहण्याची खूण होती, ती मला माहीत होती. तेव्हा आता सगळं एका गोष्टीवर आलं होतं: जूनच्या आत टँकर आमच्या दारात यायला हवा होता.

गल्लीला टँकर हवाच होता, फक्त माझ्याइतकी घाई नव्हती. मी घाई पुरवली. अप्पांच्या ओट्यावर बैठक बोलावली. अप्पांचं गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि आवाज असा, की लिलावात बोली न लावताही माणसं माल सोडून द्यायची. गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा, कारण त्यानंतर कुणाचं ऐकूच यायचं नाही.

मी म्हणालो, सोपं आहे. गल्लीत गाड्या लावायला बंदी मागू. पाटी लावतील, रस्ता मोकळा होईल, टँकर येईल.

"सर, तुम्ही पुस्तकातलं बोलून राहिले," अप्पा म्हणाले. "बंदी आली तर माझी मेटॅडोर कुठं जाईल? जावयाची हाय. त्यानं ठिवायला दिलेली हाय."

"ती चालते का, अप्पा?"

"चालायचं काय त्याच्यात? जावयाची हाय म्हणल्यावर."

पेशकारसाहेब आतापर्यंत पानाला चुना लावत बसले होते. ते म्हणाले, "परवाना मागा. आमच्या वक्ताला टांग्यांना अड्ड्यावर उभं ऱ्हायला परवाना असायचा. ज्याचा परवाना त्याचा टांगा. बाकीचे हटो. गल्लीत घर त्याला परवाना, गाडी घरासमोर. बाहेरची गाडी आली की पोलीस उचलेल."

कल्पना चांगली होती. गल्लीत गाड्या होत्याच किती? अप्पांच्या जावयाची मेटॅडोर आणि दोनतीन स्कूटरी. बाहेरच्या गेल्या तर टँकर काय, हत्ती आला असता. मी दरखास्त लिहायला घेतली. पेशकारसाहेब मसुदा सांगत होते आणि मी त्यांच्या 'बाद सलाम'ला 'सविनय' करत होतो.

तेवढ्यात अप्पांना शंका आली. "पण ज्याच्याकडं गाडीच न्हाई त्यानं परवाना घेतला, अन् एखाद्या वकिलाला जागा दिली तर?"

सगळ्यांनी गाडी नसलेल्यांकडं पाहिलं. त्यांत मी होतो.

"मी कशाला देईन?" मी म्हणालो.

"तुमचं न्हाई हो सर. तुम्ही तर पुस्तक पण कुणाला देत न्हाईत. पण कायदा म्हणजे कायदा."

म्हणून एक ओळ वाढवली. ज्या घरासमोर घरमालकाचं किंवा भाडेकरूचं वाहन प्रत्यक्ष उभं असेल त्यालाच परवाना मिळावा, आणि जागा रिकामी आढळल्यास ती सर्वांसाठी खुली समजावी. ओळ माझ्या अक्षरात होती आणि वाचायला फार न्याय्य वाटत होती. सर्वांनी सह्या केल्या. चाचींनी अंगठा उठवला आणि विचारलं, "इससे पानी आएगा?" पेशकारसाहेब म्हणाले, "इन्शाअल्ला." अप्पा म्हणाले, "आला पाहिजे." मी तारखा बघत होतो.

आमचा अर्ज जसाच्या तसा मंजूर झाला. हे फार वाईट लक्षण असतं. पालिकेचे एक साहेब टेप घेऊन आले, त्यांनी गल्ली मोजली, आणि अशी आदर्श वाहनव्यवस्था मराठवाड्यात प्रथमच होत असल्याचं आम्हाला सांगितलं. येत्या रविवारपासून पाहणी करून पत्र्याचे बिल्ले देण्यात येतील, जागेवर वाहन हवं.

आमच्याकडच्या एसटी स्टँडवर ज्यानं कधी गाडी पकडली आहे त्याला पुढचं समजेल. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, चप्पल, जे हाताला लागेल ते सीटवर टाकतात. ज्याची टोपी त्याची सीट. ज्यांना जायचंच नाही तेही कधीकधी सवयीनं टाकतात. सगळ्या गल्लीच्या मनात एकाच वेळी आलं, की रविवारी दारासमोरची जागा जाणार. घर बापजाद्यांचं, आणि त्यासमोर उद्या निलंग्याचा वकील कायद्यानं उभा राहणार.

मग टोप्या पडायला लागल्या. कुणी मेहुण्याची गंजलेली लँब्रेटा ढकलत आणली. कुणी भंगारवाल्याकडून मोटारीचा सांगाडा उचलून आणला. त्याला दारं नव्हती, पण नंबर होता. अप्पांच्या मेटॅडोरची चाकं त्याच आठवड्यात जावयानं काढून नेली, तेव्हा अप्पांनी ती विटांवर बसवली. पेशकारसाहेबांनी परसातला टांगा ओढून बाहेर काढला. घोडा त्यांच्या वडलांच्या काळात मेला होता. टेपवाल्या साहेबांनी टांगा वाहन आहे की नाही यावर थोडा विचार केला. पेशकारसाहेबांनी त्यांना अदबीनं सांगितलं, की टांग्याचा परवाना साहेबांच्या नगरपालिकेपेक्षा जुना आहे. बिल्ला मिळाला.

माझी जागा रिकामी होती. अप्पा ओट्यावरून म्हणाले, "सर, लोकं डोळा ठिवून राहिले तुमच्या जागंवर. वकील घुसला तर त्याची जीप असंल. मग टँकर यायचा कसा? तुमच्यामुळं अडंल."

हे तर्काला धरून होतं. आमच्या ग्रंथालयाच्या शिपायाकडं भावाची एक राजदूत होती, इंजिन नसलेली. ती हातगाड्यावर घालून आणली आणि माझ्या ओट्यासमोर उभी केली. बिल्ला हँडलला तारेनं बांधला. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिच्याकडं पाहत राहिलो. घरात आल्यापासून माझ्या नावावर दारात उभी राहणारी ती पहिलीच वस्तू होती, आणि खरं सांगायचं तर सोबत वाटली.

सोमवारपासून पोलीस शिपाई आला. बाहेरच्या गाड्या खरंच गेल्या. गल्लीतले लोक एकमेकांना सांगत होते, बघा, झालं की नाही. प्रत्येक जण आपल्या दारासमोरची जागा बघत होता आणि ती व्यवस्थित होती. मधला रस्ता कुणाच्याच दारासमोर नसतो, त्यामुळं तो कुणी बघितला नाही. मी नांदेडला ट्रंककॉल लावला आणि सांगितलं, शनिवारी ये. टँकर दारात येणार आहे. समारंभ आहे.

समारंभ अप्पांनी ठरवला होता. गल्लीच्या तोंडाशी फीत, टँकरला हार, नारळ, आणि पालिकेतले एक पुढारी. ते दोन तास उशिरा आले आणि पाणी म्हणजे जीवन या विषयावर उन्हात बोलले. बायको त्याच सुमाराला स्टँडवरून चालत आली. खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर. ती गर्दीच्या मागं उभी राहिली. मी हात केला. ती हसली. नांदेडहून चार तास एसटीत बसून आलेल्या माणसाच्या मानानं ते हसणं फार ताजं होतं.

फीत कापली. टाळ्या झाल्या. ड्रायव्हरनं गिअर टाकला, टँकर गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं एका बाजूला विटांवरची मेटॅडोर पाहिली, दुसऱ्या बाजूला टांग्याच्या पुढं आलेल्या दांड्या पाहिल्या.

"हितनं कसं नेऊ?" तो म्हणाला.

"जरा तिरकी घ्या," पुढारी म्हणाले.

"टँकर हाय सायेब. म्हैस न्हाई तिरकी घ्यायला."

"मेटॅडोर हलवा," पेशकारसाहेब म्हणाले.

"तिला चाकं न्हाईत," अप्पा म्हणाले. "तुमचा टांगा घ्या आत."

"टांगा घेतला आत की जागा खुली. कायदा आहे, अप्पा. आपणच लिहिलाय."

मग कुणीतरी म्हणालं, आपण सगळ्यांनी मिळून एकेक उचलू. कुणी पुढं झालं नाही. दुसऱ्याची वस्तू त्याच्या जागेवरून सरकवायची नाही, हे आमच्या अंगात एवढं मुरलेलं होतं, की ड्रायव्हरनं लँब्रेटाला हात लावताच तिचा मालक ओरडला आणि बाकीच्यांना तो ओरडला हे योग्यच वाटलं. आणि पुढं आणखी सगळी गल्ली होती, दोन्ही बाजूंना बिल्ले लावून उभी. पुढारी घड्याळ बघून निघाले. ड्रायव्हरनं टँकर मागं घेतला, नेहमीच्या कोपऱ्यावर उभा केला, हार काढून आरशाला लटकवला आणि तोटी उघडली. बायका घागरी घेऊन तिकडं गेल्या. तहान होतीच.

बायको माझ्याबरोबर घराकडं आली. ओट्यापाशी थांबली.

"ही मोटारसायकल कुणाची?"

"आपली."

"चालते?"

"नाही."

"मग?"

"परवाना आहे."

ती ओट्यावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. त्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच. शेजारून चाची आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बहू, अब तू आ गई तो ये इन्सान बनेगा." ती त्यांच्या पाया पडली. येते की नाही हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

मी चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आलो तर ती ओट्यावर नव्हती. पदर खोचून ती कोपऱ्यावरून येत होती, घागर खांद्यावर. मी पुढं झालो तर म्हणाली, "सरका, सांडेल." न्हाणीतला ड्रम भरेपर्यंत ती जात-येत राहिली. मी चाचींची घागर घेऊन तिच्या मागं गेलो, पण मला ते वळण जमत नव्हतं. माझी अर्धी घागर वाटेतल्या गाड्यांवर सांडायची. तिचा थेंब सांडला नाही. खांदा दुखत असणार.

ड्रमवर झाकण ठेवून तिनं हात पुसले.

"तुमच्यापुरतं भरून ठेवलंय," ती म्हणाली. "जपून वापरा."

'तुमच्यापुरतं' हा शब्द मी ऐकला. मी तिला राहा म्हणू शकलो असतो. पण कशावर राहा म्हणायचं ते न्हाणीत माझ्यासमोर भरून ठेवलेलं होतं, आणि ते तिनं वाहिलेलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. स्टँडवर मी खिडकीतून रुमाल टाकून तिला जागा धरून दिली. खिडकीपाशी उभा राहून मी म्हणालो, पाऊस पडला की बघू. ती म्हणाली, "बघू ना." गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बराच वेळ आत घेतला नाही.

मी तो ड्रम किती पुरवला ते सांगत नाही. माणूस एकटा असला की पाण्याची बचत आपोआप होते.

पंधरा जून आला आणि गेला. पाऊस आला नाही. बायकोचा आदेश रद्द झाला आणि पुढची बरीच वर्षं आम्ही दोन जिल्ह्यांत राहिलो. सणाला भेटायचो, सुट्टीत भांडायचो, बाकीचं ट्रंककॉलवर. गल्लीतले परवाने मात्र दरवर्षी विनातक्रार वाढवून मिळत गेले.

बायकोच्या जागी लातूरच्या शाळेत दुसऱ्या एक बाई आल्या. त्यांना आमच्याच गल्लीत खोली मिळाली. त्यांच्या नवऱ्याकडं स्कूटर होती. तो रोज सकाळी पुढं एक आणि मागं एक कॅन ठेवून लांबच्या बोअरवरून पाणी आणायचा आणि थेट दारात उतरवायचा. गल्लीतली ती एकमेव रोज चालणारी गाडी होती. तिला परवाना मिळाला नाही. जागा शिल्लक नव्हती.